सीतेचीं आसवें आणि आमची डोणी

गेल्या वर्षीं या पानांत आम्हीं घरच्या फुलझाडांविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनींनीं विचारलें कीं, कासच्या पठारावर भाद्रपदांत जीं निळींजांभळीं बारीक फुलें पसरलेलीं असतात तीं घरीं कुंडींत लावतां येतील काय, आणि येत असल्यास त्यांना माती कोणती घालावी? या प्रश्नास आम्हीं तेव्हां उत्तर दिलें नाहीं. उत्तर ठाऊक नव्हतें असें नाहीं. तें आमच्या हातून घडलेल्या एका गोष्टीमुळेंच आम्हांस ठाऊक झालें होतें, आणि ती गोष्ट चारचौघांत सांगावयाची म्हणजे मन कचरत होतें. परंतु प्रश्न विचारणाऱ्यास वर्षभर ताटकळत ठेवणें बरें नव्हे. म्हणून या महिन्यांत तेंच लिहावयास घेतलें आहे.

आमचें घर सांगलीस गांवभागांत, आणि धाकट्या भगिनीचें सासर साताऱ्यास. अनंत चतुर्दशी झाली कीं घरचीं मंडळी दोन दिवस साताऱ्यास जातात व तेथून सर्वजण मिळून कासला, असा आमचा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. यवतेश्वराचा घाट चढून गेलें म्हणजे शहरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर हें पठार लागतें. खालीं काळा कातळ, त्यावर जांभ्याचा थर, आणि त्या जांभ्याच्या खळग्याखळग्यांतून कोठें बोटभर तर कोठें चार बोटें माती. वैशाखांत येथें येणाऱ्यास या माळावर कांहीं उगवत असेल असें स्वप्नांतही वाटणार नाहीं. परंतु पावसाळाभर या कातळावरून पाणी अखंड झिरपत असतें, आणि त्या झिरपत्या पाण्यांत फुलांचे ताटवेच्या ताटवे उठतात. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारसा म्हणून नोंदलीं गेलीं, त्यांत कासचें पठार आहे. आमच्या सांगली जिल्ह्यांत ज्याचा एक भाग येतो तें चांदोलीचें अरण्यही त्याच यादींत आहे, हें सांगलीकरांच्या अभिमानासाठीं जातां जातां सांगून ठेवतों.

ताटव्यांत पांढरे गेंद असतात, पिवळी सोनकी असते, तेरडा असतो. त्यांच्यामधून जो निळसर जांभळा रंग वाऱ्याबरोबर हलतो, तीं 'सीतेचीं आसवें.' हें नांव ज्यानें ठेवलें त्यानें गुडघे टेकून फूल पाहिलें असलें पाहिजे. उभ्यानें पाहणाऱ्यास नुसता रंग दिसतो, थेंब दिसत नाहीं. केंसासारखा चार-सहा बोटें उंच देंठ. त्यावर दोनचार फुलें. प्रत्येक फुलास दोन ओंठ, खालचा पदर पसरल्यासारखा रुंद, त्याच्या मुळाशीं पांढुरका डाग, आणि मागें एक टोकदार शेंडी. पानें शोधावीं तर मुष्किलीनें दिसतात, आणि मुळें तर या वनस्पतीस नसतातच. मुळांच्या जागीं चिखलांत पांढुरके तंतु असतात, आणि त्या तंतूंवर खसखशीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक पिशव्या. चिखलांतल्या पाण्यांत वावरणारे सूक्ष्म जीव या पिशव्यांत पकडले जातात व तेथेंच पचविले जातात. सीतेच्या नांवाचें हें फूल मांसाहारी आहे!

शास्त्रज्ञ हिला युट्रिक्युलॅरिया म्हणतात. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशीं चामड्याच्या लहान पिशवीचा अर्थ आहे. पाणक्याच्या खांद्यावरची पखाल ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हें नांव समजावून सांगावयास नको. आम्हीही पुढें पखाल हाच शब्द वापरणार आहों. अशा पखाली बाळगणाऱ्या वनस्पतींच्या जगांत दोनशेंहून अधिक जाति आहेत. आपल्या देशांतील जातींवर जनार्थनम् आणि हेन्री या दोघां संशोधकांचा ग्रंथ १९९२ सालीं भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्यानें प्रसिद्ध केला. पुढें २००० सालीं महाराष्ट्रांत मिळालेल्या एका नव्या जातीस कोल्हापूरच्या यादव यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जनार्थनम् यांचेंच नांव दिलें. पखालीएवढ्या वस्तूसाठीं आयुष्य देणाऱ्या माणसांचा हा आपसांतला मान आम्हांस फार आवडला.

आतां आमची गोष्ट. तीन वर्षांमागें आम्ही असेच कासला गेलों असतां आमच्या पुतण्यानें, तो तेव्हां चौदा वर्षांचा होता, फराळाचा स्टीलचा डबा रिकामा करून हाताच्या तळव्याएवढा ताटवा चिखलासकट त्यांत उचलून ठेवला. आम्हीं तें पाहिलें. फुलांस हात लावूं नये अशी पाटी जवळच होती, आणि तेथील रोप उपटणें हा गुन्हा आहे हें आम्ही त्याच मुलास वाटेनें समजावून सांगत आलों होतों. तरी आम्ही बोललों नाहीं. घरीं नेऊन, वारा नाहीं, गर्दी नाहीं, अशा ठिकाणीं सावकाश छायाचित्र घ्यावें हा लोभ त्याच्याइतकाच आमच्याही मनांत होता. पुढें घरांत ही चूक मुलाच्या नांवावर लागली आणि बोलणीं त्यानें खाल्लीं. तो बिचारा आमचें नांव न घेतां उभा राहिला. ती चूक कोणाची होती तें आज येथें लिहून टाकतों.

सांगलीस आल्यावर तो ताटवा मातीच्या परळांत ठेवला, परळ पाण्यांत ठेवलें, वर सावली केली. तिसऱ्या दिवशीं फुलें गळलीं. पांचव्या दिवशीं देंठ लवले. वहिनींनीं ममतेनें शेणखताची चिमूट घातली, नळाचें ताजें पाणी घातलें. नवव्या दिवशीं परळांत हिरव्या बुळबुळीखेरीज कांहीं राहिलें नव्हतें. आणि छायाचित्र? तें घेण्यास रविवारची वाट पाहत होतों.

तेव्हां भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर असें : माती कोणती घालावी हा प्रश्नच या वनस्पतीच्या बाबतींत उलटा आहे. जेथें मातीत कांहीं कस नाहीं, जेथें पावसाचें पाणी उरलासुरला कसही धुऊन नेतें, तेथें इतर झाडांस जगतां येत नाहीं म्हणून हिला मोकळी जागा मिळते, आणि जें मातींत नाहीं तें ती पखालींतून मिळविते. तिला खत देणें म्हणजे विष देणें. शिवाय तिला पाणी सांचलेलें नको, कातळावरून पाझरणारें हवें; धुकें हवें, गार वारा हवा. इतकें सर्व जुळून आलें तरी ती एका पावसाळ्याची सोबतीण. पाऊस सरतांच बी टाकून मरून जाते. हें सारें सांगलीच्या परळांत कोठून आणावयाचें?

येथें हा लेख संपला असता. परंतु पुढल्या आषाढांत एक गंमत झाली. आमच्या मागील दारीं गुरांच्या दिवसांतील एक दगडी डोणी आहे. गुरें गेलीं, गोठ्यांत आतां स्कूटर उभी राहते, डोणी मात्र जागेवर आहे. चार वर्षांपूर्वीं काकूंनीं रोपवाटिकेंतून कमळाचा कंद आणून तींत लावला. एकादशीस एखादें फूल देवाला मिळतें. या डोणींत हिरव्या रेशमाच्या गुंत्यासारखें एक शेवाळ माजत असे आणि काकू दर शनिवारीं तें ओंजळीओंजळीनें काढून टाकीत. त्या आषाढांत आठ दिवस काकूंच्या गुडघ्यांनीं संप केला, तेवढ्यांत त्या शेवाळांतून एक दोऱ्यासारखा देंठ पाण्यावर आला आणि त्याच्या टोकाशीं एक पिवळें फूल उमललें. तुरीच्या फुलासारखें, परंतु त्याहून लहान. पुतण्यानें तें पाहिलें आणि तो तेथूनच ओरडला, "काका, ओंठ तर कासचाच आहे! मागें शेंडीसुद्धां आहे!"

शेवाळाला फूल येत नाहीं एवढें तरी आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें. भिंग आणून पाहतों तों त्या प्रत्येक धाग्यावर पखाली लटकलेल्या. नव्या पखाली कांचेसारख्या पारदर्शक, जुन्या पोट भरून काळवंडलेल्या. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांस नमुना दाखविला, तेव्हां ही युट्रिक्युलॅरिया गिबा, पाण्यांत तरंगणारी जात, असा निर्वाळा मिळाला. कमळासारख्या पाणवनस्पतींच्या कंदास चिकटून ती घरोघर येते, आणि शेवाळ समजून घरोघर फेंकली जाते. जी आम्हीं डब्यांत लपवून आणली ती नऊ दिवसांत गेली, आणि जिला दर शनिवारीं उकिरडा दाखवीत होतों ती चार वर्षें आमच्याच दारीं नांदत होती.

आतां घरांत निराळाच वाद उभा राहिला. काकू म्हणाल्या, "म्हणजे हें मांस खातें? आणि याच पाण्यांतलें कमळ मी चार वर्षें देवाला वाहत्यें?" त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता, थट्टेचा विषय नव्हता. आम्हीं शास्त्र सांगूं लागावें तर तें ऐकण्याच्या मनःस्थितींत त्या नव्हत्या. शेवटीं आमच्या मातोश्री माजघरांतून म्हणाल्या, "अगं, देव्हाऱ्यामागची पाल आजवर किती किडे खाऊन बसली असेल? तिला कधीं आपण सोवळ्याचें विचारलें का?" काकूंना हंसूं आलें, परंतु पुरतें समाधान झालें नाहीं. तें पुतण्यानें केलें. तो म्हणाला, "काकूआजी, हिचें पोट किड्यांवर भरत नाहीं. हिरव्या झाडासारखी तीही उन्हांतच आपलें अन्न शिजवते. भाकरी घरचीच आहे. पाण्यांत मीठ नाहीं म्हणून तेवढें बाहेरून आणते." हें मीठ म्हणजे नत्र व स्फुरद, असें आम्ही त्यास जोडून देतों. कमळ डोणींतून काढल्यावर ताज्या पाण्याच्या तांब्यांत धुऊन घ्यावें असें ठरलें. तें पूर्वींही धुतलेंच जात होतें.

पखालीचें दार कसें उघडतें हें समजून घेण्यासारखें आहे. कानांत औषध घालण्याचा रबरी डोक्याचा ड्रॉपर घरोघर असतो. रबर दाबून तोंड औषधांत बुडविलें व बोट सोडलें कीं औषध आंत ओढलें जातें. पखालही तसेंच करते. परंतु तिला दाबण्यास बोट नसतें. ती आपल्या पोटांतलें पाणी हळूहळू भिंतींतून बाहेर टाकते, त्यामुळें तिच्या दोन्ही कुशी आंत ओढल्या जातात, दार घट्ट मिटलेलें राहतें. दारापाशीं दोनचार ताठ केंस असतात. पोहतां पोहतां एखाद्या पाणपिसूचा त्यांस धक्का लागला कीं दार आंत कोसळतें, कुशी फुगतात, पाण्याच्या लोंढ्याबरोबर पिसू आंत जाते, आणि दार पुन्हां मिटतें. मग अर्ध्या तासाच्या आंतबाहेर पाणी उपसून पखाल पुन्हां सज्ज.

हें एवढें समजण्यासही मोठमोठ्यांस वेळ लागला. डार्विन यांचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ १८७५ सालीं निघाला. त्यांत त्यांचा समज असा दिसतो कीं, प्राणी आपणच डोकें खुपसून दार ढकलतो व आंत अडकतो. त्याच सुमारास अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत मेरी ट्रीट नांवाच्या एक विदुषी आपल्या घरीं सूक्ष्मदर्शकाखालीं याच पखाली तासन् तास पाहत असत. त्यांचा डार्विन यांशीं पत्रव्यवहार होता. प्राणी आंत ढकलला जात नाहीं, ओढला जातो, असें त्यांस दिसलें, आणि पुढें तेंच खरें ठरलें. २०११ सालीं फ्रान्स व जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं सेकंदास हजारों चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यानें हा प्रकार टिपला, तेव्हां हें सर्व सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आंत उरकतें असें दिसून आलें. आंत जाणाऱ्या पाण्यास जो वेग चढतो त्याची त्वरा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ६०० पट असते. आमच्या डोणींत काकूंच्या हाताखालीं हें चाललेलें होतें!

परंतु त्याच श्रावणांत डोणीवर संकट आलें. आरोग्य खात्याच्या एक भगिनी घरोघर पाणी तपासीत आल्या, त्यांनीं डोणींत बॅटरीचा झोत टाकला, आणि वळवळणाऱ्या अळ्या आम्हांस दाखविल्या. डेंग्यूचे दिवस, डोणी आजच्या आज रिकामी करा, असें त्यांनीं सांगितलें. पुतण्या वाद घालूं लागला कीं, ही वनस्पति डासांच्या अळ्या खाते, पुस्तकांत लिहिलें आहे. पुस्तकांत लिहिलेलें खोटें नाहीं. आम्हीं एका कांचेच्या भांड्यांत वीस अळ्या व मूठभर वनस्पति घालून चार दिवस पाहिलें. अगदीं कोवळ्या अळ्या शेपटीकडून धरल्या गेल्या. मोठ्या झालेल्या अळ्या मात्र त्या धाग्यांमधून खुशाल हिंडत होत्या व त्यांतल्या कित्येकांचे कोष झाले. घरांत दोन वर्षांचें नातवंड आहे. आपल्या आवडीच्या वनस्पतीवर भरंवसा ठेवून त्याला तापाच्या तोंडीं द्यावें हें आम्हांस पटेना. डोणी उपसली, घांसली, कमळ पुन्हां लावलें, पाण्यांत गप्पी मासे सोडले. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी होतें. वनस्पतीचा एक गुंता तेवढा कांचेच्या मोठ्या बरणींत काढून ठेवला व तोंडावर मलमलचें फडकें बांधलें.

ही बरणीच पुढें आमची प्रयोगशाळा झाली. तिच्या देखभालीचें शास्त्र थोडें आहे. पाणी पावसाचें असावें. आमच्या भागांतील बोअरचें जड पाणी एकदां घालून पाहिलें, तर पंधरवड्यांत धागे पिवळे पडले. म्हणून आतां पागोळ्यांचें पाणी बाटल्यांत भरून उन्हाळ्यापर्यंत पुरवितों. पहिल्या सरींचें मात्र घेऊं नये, त्यांत कौलांवरची धूळ असते. बरणी पूर्वेच्या खिडकींत, सकाळचें ऊन दोन-तीन तास. खत नाहीं. आठवड्यास डोणींतलें एक पळीभर पाणी फडक्यांतून गाळून घालतों. त्यांतील न दिसणारे जीव हेंच तिचें मीठ. पाणी हिरवें होऊं लागलें तर निम्में बदलावें.

आणि छायाचित्रें. पहिल्या दिवशीं आम्हीं एक धागा चिमट्यानें उचलून बशींत ठेवला, मोबाइलवर चिमटीचें भिंग लावलें, आणि प्रत्येक पखालींत चांदीसारखा चमकणारा एक मणि दिसला. आम्ही हरखून गेलों. घरांत सर्वांस बोलावून दाखविलें. पुढें उमगलें कीं तो निसर्गाचा चमत्कार नसून आमच्या अडाणीपणाचा पुरावा होता : धागा पाण्याबाहेर काढतांच पखालींचीं दारें उघडून त्यांनीं पाण्याऐवजीं हवा ओढून घेतली होती. नीट कान दिला तर त्या वेळीं बारीक तडतडही ऐकूं येते. तेव्हांपासून धागा कधीं उचलीत नाहीं. लहान वाटी बरणींत बुडवून, पाण्यासकट काढतों, आणि तशीच चपट्या कांचेच्या बशींत ओततों. बशीखालीं काळा कागद, एका बाजूनें खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूस पांढरें कार्ड उभें करावें. समोरून प्रकाश टाकल्यास पाणी चमकतें व पखाल दिसत नाहीं. कडेनें टाकल्यास तिची कड उजळते आणि आंतली पिसू सांवलीसारखी उमटते. फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवून घड्याळाचें बटण लावावें, कारण बोटाच्या स्पर्शानेंसुद्धां पाणी हलतें. चाळीस चित्रांतून एक बरें निघतें. पखाल उघडतांनाचें चित्र घेण्याची हांव धरूं नये. तें आपल्या हातच्या यंत्राचें काम नव्हे. आम्हीं 'आधीं' आणि 'नंतर' अशीं दोन चित्रें मिळविलीं. पहिल्यांत पिसू बाहेर आहे, दुसऱ्यांत आंत. मधलें कोणी पाहिलें नाहीं.

त्या वर्षींच्या भाद्रपदांत कासला जातांना डबा फराळानेंच भरलेला परत आणावयाचा अशी पुतण्यानें आपणहून शपथ घेतली, ती जरा अतीच झाली; फराळ वर खाल्ला. पायवाट न सोडतां, वाटेच्या कडेलाच, तो ओल्या जमिनीवर पालथा पडला व फोन फुलांच्या उंचीवर धरून अर्धा तास तसाच राहिला. वारा थांबण्याची वाट पाहणें एवढेंच तेथें करावयाचें असतें. धुकें आलें, गेलें, पुन्हां आलें. जें चित्र निघालें त्यांत एकच फूल स्पष्ट आहे. मागील हजारों फुलांचा नुसता निळा धूर झाला आहे. तें चित्र मोठें करून आतां आमच्या माजघरांत लावलें आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यांत कोणाच्या तरी बुटाची टांच आली आहे, ती कापून टाकावी असें आमचें म्हणणें होतें. पुतण्यानें कापूं दिली नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत साताऱ्याच्या भगिनीनें बरणीतला एक धागा मागून नेला. आमची बरणी या आषाढांत पुन्हां फुलली, एकदम सात फुलें आलीं. तिच्या बरणींत धागे वाढले आहेत, परंतु फूल नाहीं, असा परवां निरोप आला. पाणी पागोळ्यांचें आहे कीं नळाचें, आणि बरणी सकाळच्या उन्हांत ठेवली आहे कीं फडताळावर, असें आजच विचारून पाठविलें आहे.